तुम्ही विचारलंत म्हणून : गेन किती ठेवायचा?

कोपरखैरण्यातील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी डिकी उघडून बसलेला दिसलो की कोणी ना कोणी येऊन एकच प्रश्न विचारतो : "काका, गाडीत नवा ॲम्प्लिफायर आणि वूफर (बासचा मोठा स्पीकर) बसवला आहे, गेन किती ठेवू? अर्ध्यावर चालेल का?" मी नेमका आकडा सांगत नाही म्हणून मी उत्तर टाळतो, असा काहींचा समज झाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲम्प्लिफायरवरचे गेनचे बटण आवाज वाढवण्यासाठी नसतेच. एका डेकमधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेअरमधून, २ व्होल्टचा सिग्नल निघतो, दुसऱ्यातून ४ व्होल्टचा. तो कितीही असला तरी ॲम्प्लिफायरने आपल्या पूर्ण ताकदीपर्यंत पोहोचावे आणि तेथेच थांबावे, एवढी जुळवणी करण्यासाठी ते दिलेले असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीत अर्ध्यावर छान वाजणारा तोच ॲम्प्लिफायर तुमच्या गाडीत पाव फेऱ्यातच फाटक्या आवाजात वाजू लागेल.

हे मी एक वूफर जाळून शिकलो. वूफर ३०० वॅट सोसणारा आणि ॲम्प्लिफायर १५० वॅटचा, तेव्हा वूफरला कसला धोका, असा माझा हिशेब होता. गेन शेवटपर्यंत फिरवला, वर बास बूस्टही चढवला, आणि पाम बीच रस्त्याने बेलापूरकडे जाताना बास एकाएकी गायब होऊन डिकीतून जळक्या वार्निशचा वास येऊ लागला. ॲम्प्लिफायरची ताकद संपली की आवाजाच्या लहरीचे गोल माथे छाटले जाऊन सपाट होतात, आणि पूर्ण सपाट झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे माझा १५० वॅटचा ॲम्प्लिफायर जवळजवळ ३०० वॅट सतत ओतत होता, तर ३०० वॅटचा तो वूफर स्वतः आधीच तापलेल्या बंद डिकीत होता. वूफरच्या आतील तारेच्या कॉइलवरचे इनॅमल अशाच उष्णतेने जळते.

आता मी गेन कानाने न लावता मल्टिमीटरने लावतो. वूफरची वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवायची, बास बूस्ट शून्यावर आणि डेकमधील बास-ट्रेबल मध्यावर ठेवायचे, लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा) साधारण ८० हर्ट्झला लावायचा आणि गेन पूर्ण उतरवायचा. पेन ड्राइव्हवर ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगच्या सर्वोच्च पातळीचा) टोन घेऊन तो डेकच्या कमाल आवाजाच्या सुमारे तीन चतुर्थांशावर वाजवायचा, कारण त्यापुढे अनेक डेक स्वतःच फाटतात. मग ॲम्प्लिफायरच्या वॅटला वूफरच्या ओहमने (म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाच्या मापाने) गुणून वर्गमूळ काढायचे : २५० वॅट आणि ४ ओहम असतील तर १००० चे वर्गमूळ, म्हणजे ३१.६. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवायचा. मी मात्र २८-२९ वरच थांबतो, कारण वूफर जोडलेला नसताना मीटर ॲम्प्लिफायरच्या ताकदीचे चित्र थोडे चढवून दाखवतो. हे सर्व इंजिन चालू ठेवून करायचे असते, त्यामुळे कृपया बेसमेंटमध्ये करू नका. तेथे साठणाऱ्या धुराचा वास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

गेनइतकेच नुकसान वायर करते, किंबहुना गाडीला आग लागते ती वायरमुळेच. बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, कारण तो ॲम्प्लिफायरसाठी नसून बॉनेटपासून डिकीपर्यंत गेलेल्या वायरसाठी असतो. वायर बॉडीच्या धारदार भोकातून जाते तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) नसेल, तर घासून शॉर्ट होण्यास वेळ लागत नाही. वायरिंगचे काम सुरू करताना बॅटरीचे मायनस टर्मिनल आधी काढावे. तांब्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वायरी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात; एक तार ब्लेडने खरवडून पाहावी, आत पांढरी निघाली तर ती परत करावी किंवा एक माप जाड घ्यावी.

अर्थिंगच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याच्या बाबतीत आपली हवा वेगळी अडचण निर्माण करते. चार महिने पाऊस आणि वर्षभर खाडीची दमट हवा यांत डिकीतील उघडा पत्रा गंजतो. गंज आला की विरोध वाढतो, ॲम्प्लिफायरला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि बास पुन्हा फाटू लागतो, मग गेन कितीही नीट लावलेला असो. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट आवळावा, वरून ग्रीस लावावे, आणि त्यासाठी सीटबेल्टचा बोल्ट वापरू नये. आरसीए केबल (डेकचा सिग्नल ॲम्प्लिफायरला नेणारी) पॉवरच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी शिट्टी ऐकू येत नाही.

ओहमचा हिशेब थोडक्यात सांगतो : वूफरच्या ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर ८, ॲम्प्लिफायरच्या पत्रकात किमान किती ओहम चालतात ते पाहूनच जोडणी ठरवावी.

सगळे जोडून झाले की अर्धा तास नेहमीच्या आवाजात वाजवावे, मग गाडी बंद करून फ्यूज होल्डर, अर्थिंगचा बोल्ट आणि टर्मिनल यांना हाताचा मागचा भाग लावून पाहावे. एखादे ठिकाण चटका देत असेल तर जोड ढिला आहे. तो आवळूनच पुन्हा वाजवावे.