तुम्ही विचारलेत म्हणून: लेथऐवजी जुना बेंच ग्राइंडर का?

माझ्या शेडमध्ये येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: तंबाखूचे लाकडी पाइप हाताने करायचे, तर सरळ लेथ मशीन का घेतले नाही, आणि कुऱ्हाडी-विळ्यांना धार लावायच्या ग्राइंडरवर लाकूड कसे घडते?

लेथ गोल वस्तू करते, आणि पाइपमध्ये गोल असतात ती मुख्यतः भोके. तंबाखू भरायची वाटी सुमारे २० मिलिमीटर व्यासाची, धूर वाहून नेणारी वाट ४ मिलिमीटरच्या आसपास आणि मुखनळी बसवायचे भोक त्याहून मोठे, अशी तीन छिद्रे एकमेकांना अचूक जुळावी लागतात. धुराची वाट वाटीच्या अगदी तळाशी उघडली नाही, तर तळाची तंबाखू ओली राहते आणि जळत नाही. हे काम मी ठोकळा चौकोनी असतानाच ड्रिल मशीनवर उरकतो, कारण चौकोनी ठोकळा व्हाइसमध्ये पक्का बसतो. त्यानंतर उरतो तो बाहेरचा आकार. वाटी आणि दांडी एकमेकींना कोन करून जोडलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यातला वळणदार भाग कोणतेही लेथ कातून देत नाही. तो शेवटी फिरत्या पॉलिश पेपरवर ठोकळा हाताने वळवत, डोळ्यांनी मोजतच काढावा लागतो. माझ्या दृष्टीने पाइपचे सौंदर्य त्याच भागात असते, आणि म्हणून पैसे कुठे घालायचे हा प्रश्न मला फारसा पडला नाही.

बेंच ग्राइंडरचे दोन्ही दगड उतरवले, की उरते ती दोन्ही बाजूंना शाफ्ट बाहेर आलेली एक भक्कम मोटर, आणि मला हवी होती ती तेवढीच. दगड लाकडासाठी निरुपयोगी असतात: भुसा त्यांच्या कणांमधल्या फटींत बसतो, दगड गुळगुळीत होतो आणि लाकूड कापले जाण्याऐवजी करपते. एका बाजूला दगड ठेवून दुसरीकडे लाकडाचे काम करावे का, असेही विचारले जाते. करू नये, लोखंडाच्या ठिणग्या आणि लाकडाचा बारीक भुसा एका टेबलावर आणणे म्हणजे आगीला बोलावणे. दगड काढताना एवढे लक्षात ठेवावे, की डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून तो आणखी घट्ट करतो.

आपल्याकडे असे जुने ग्राइंडर मिळायला अडचण नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने लहान वर्कशॉप वाढली. त्यांतले एखादे बंद होते किंवा यंत्रे बदलते, तेव्हा ग्राइंडर भंगाराच्या भावात निघतो. घेताना रंग पाहू नये. शाफ्ट धरून वर-खाली हलवावा, हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, मग चालू करून बंद करावा आणि तो शांतपणे थांबतो की मध्येच थरथरतो हे पाहावे. बेअरिंग बदलणे स्वस्त असते, वाकलेला शाफ्ट मात्र सोडून द्यावा. मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर फिरू लागते, असे दिसले तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तेवढ्या कारणाने भाव पाडून घेता येतो.

खरी अडचण गतीची आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असा ग्राइंडर मिनिटाला २,८५०च्या आसपास फेरे घेतो, आणि नाजूक कामाला ते जास्त होतात. पंख्याचा रेग्युलेटर लावून गती कमी करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये, कारण कपॅसिटरवर सुरू होणारी ही मोटर त्याने नीट मंदावत नाही, उलट तापते आणि वाइंडिंग जळू शकते. मी गतीला हात लावत नाही, त्रिज्या बदलतो. टर्नरकडून, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून, शाफ्टच्या मापाचा हब करून घेऊन त्यावर पॉलिश पेपरची १५० मिलिमीटरची डिस्क बसवली आहे. (डिस्कवर छापलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त असलीच पाहिजे.) तिच्या कडेला पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २२ मीटर असतो, तर मध्यापासून २५ मिलिमीटरवर तो साडेसातपर्यंत उतरतो. म्हणून जादा लाकूड कडेशी काढायचे आणि नाजूक वळण मध्याकडे. ठोकळा नेहमी डिस्कच्या खाली जाणाऱ्या अर्ध्या भागावर धरावा, म्हणजे भुसा तोंडावर न येता टेबलाकडे जातो. दाबही हलका हवा, कारण ही बेअरिंगे बाजूने सतत ढकलले जाण्यासाठी घातलेली नसतात.

दुसऱ्या टोकाला कापडी बफ, म्हणजे चकाकी आणणारे चाक आहे. तिथेही तोच हिशेब: १,४४० फेऱ्यांच्या मंद मोटरवर १५० मिलिमीटरचा बफ जो वेग देतो, जवळजवळ तोच वेग माझ्याकडे ७५ मिलिमीटरचा बफ देतो. एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची मुखनळी मोठ्या बफवर क्षणात तापते आणि गंधकाचा वास सुटतो. शेवटी चकाकीसाठी लावायचे कार्नाउबा मेण मात्र थोड्या उष्णतेशिवाय पसरत नाही, कारण ते ८० अंशांच्या वरच वितळते. काम बफच्या मध्यरेषेच्या खाली धरावे. वर धरले तर बफ ते हातातून हिसकावून फरशीवर आपटतो. हातमोजे घालू नयेत.

यंत्रापेक्षा मी दोन गोष्टींना अधिक जपतो. पहिली धूळ: लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक मानली गेली आहे, त्यामुळे मास्क आणि डिस्कखाली व्हॅक्यूमचे तोंड असल्याशिवाय मी स्विच दाबत नाही. दुसरी गोष्ट वीज. जुन्या ग्राइंडरचा साधा स्विच वीज गेल्यावरही चालूच राहतो आणि ती परतली, की डिस्क आपोआप फिरू लागते. शेतपंपाच्या स्टार्टरमध्ये वीज गेली की सुटणारी कॉइल असते, तसाच स्विच मी इथे बसवून घेतला. शेतात पुष्कळ जण वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो बसवून नेमकी हीच सोय निकामी करतात. पंपाचे ते समजू शकते, पण इथे बोटे डिस्कजवळ असतात.

लाकडाविषयीही विचारले जाते. पाइपसाठी भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाची मुळाजवळची गाठ वापरतात. ती उकळून, दीर्घकाळ वाळवून येते आणि महाग पडते. म्हणून नवा आकार मी आधी बाभळीच्या तुकड्यावर काढून पाहतो. औते-तिफणी करणाऱ्या सुताराकडे असे तुकडे सहज मिळतात, आणि बाभूळ इतकी कठीण असते, की तिच्यावर जमलेला हात ब्रायरवर अडत नाही. ते नमुने ओढण्यासाठी नसतात. लेथची गरज मला एकाच ठिकाणी भासते: मुखनळीचे टोक दांडीच्या भोकात नेमके बसेल असे कातताना. ते काम मी हबवाल्या टर्नरकडूनच करून घेतो.