कोलोनोस्कोपी सोपी गेली, रिपोर्टनं जीव काढला

13 दिवस! कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदमार्गातून कॅमेऱ्याची नळी घालून करतात त्या आतड्याच्या तपासणीत, काढलेल्या 8 मिलिमीटरच्या पॉलिपचा (आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठीचा) रिपोर्ट यायला एवढे दिवस लागले, आणि त्यातले 8 दिवस नमुन्याची बाटली लॅबमध्ये नुसती पडून होती. आठवलं की अजून डोकं तापतं.

मोठ्या भावाला 47व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर निघाला. शौचातून रक्त जायचं, तो वर्षभर मूळव्याध समजून मलम लावत राहिला. त्याचं ऑपरेशन झाल्यापासून वहिनींनी लकडाच लावला, "भाऊजी, तारीख घेतली का?" डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडाला असेल तर चाळिशीला, किंवा त्याच्या निदानाच्या वयाआधी 10 वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासायचं. म्हणजे मी 37व्या वर्षी जायला हवं होतं. गेलो 44व्या.

तपासणी गुंगीत झाली, काही कळलं नाही. आदल्या रात्रीचं पोट साफ करायच्या पावडरचं पाणी गार करून प्या, जरा सुसह्य होतं.

रिपोर्ट पाचव्या दिवशी मिळणार होता. काउंटरवर गेलो तर "लॅबला विचारा." लॅबला विचारलं तर "हॉस्पिटललाच पाठवतो, तिथं बघा." सहाव्या दिवशी तेच, सातव्या दिवशी तेच. रात्री झोप नाही. काय काय खात आलो ते आठवत पडून राहायचो. आम्ही कोल्हापूरचे, आठवड्यातून तीनदा मटण. मुलांसाठी आणलेलं सॉसेज-सलामी नाश्त्याला मीच जास्त खायचो. दिवसभर खुर्ची, वजन 91.

नवव्या दिवशी लॅबच्या दारातच उभा राहिलो, हललो नाही. शेवटी एका मुलीनं रजिस्टर काढलं. बाटलीवर वय 44, फॉर्मवर 64. जुळत नाही म्हणून नमुना बाजूला ठेवलेला! ठेवला ते योग्यच, दुसऱ्याचा रिपोर्ट माझ्या नावावर आला असता तर? पण फॉर्मवर माझा मोबाईल नंबर होता. एक फोन करायला काय हरकत होती? दुरुस्तीवर डॉक्टरांची सही आणायलाही मीच धावलो. म्हणून सांगतो, बाटलीवरचं लेबल आणि फॉर्म स्वतः वाचा, फोटो काढा, लॅबचा नोंदणी नंबर त्याच दिवशी मागून घ्या.

रिपोर्ट आला: अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ, पण कॅन्सर नाही. तिथंच बाकावर बसून रडलो.

अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण 10 वर्षं लागतात, काढला की ती वाट बंद. कशानं झाला विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, एका कुठल्या पदार्थावर बोट ठेवता येत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये सॉसेज, सलामी, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारणीभूत ठरवलंय. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. साधं मटण 'बहुधा कारणीभूत' या गटात. शिवाय दारू, तंबाखू, पोटावरची चरबी, बैठं काम. सॉसेज घरात येणं बंद केलं. मटण आता रविवारीच. रोज ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी. त्यातल्या चोथ्यावर आतड्यातले जिवाणू जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल बनवतात. रात्री जेवून रंकाळ्यावर चालायला जातो.

हो, राहिलंच. हीच भाकरी तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायची, पेरू-टोमॅटोसारखं बियांचंही नको. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आठवडाभर आधी सांगा.

माझी पुढची तपासणी 5 वर्षांनी. धाकट्या बहिणीची येत्या गुरुवारी आहे. फॉर्म वाचायला मी सोबत जातोय.