आधी उलटून बघ

दहावीच्या पुस्तकात ब्रायोफायटा या फुलं-बिया नसलेल्या इवल्या वनस्पतींच्या गटाला जेमतेम पानभर जागा होती. वनस्पतींमधले उभयचर, मुळांऐवजी मूलाभ म्हणजे मुळांसारखे धागे, उदाहरणे : रिक्सिया, मर्केंशिया, फ्युनारिया. दोन मार्कांची टीप, विषय संपला. आपल्या शाळेत मात्र जीवशास्त्राच्या बाई त्यासाठी आम्हाला अजिंक्यताऱ्यावर नेत. तेही भर पावसाळ्यात नव्हे, तर दिवाळीची सुट्टी संपून गड पिवळा पडल्यावर. "पावसात सगळंच हिरवं असतं, तेव्हा कुणालाही दिसेल," हे त्यांचं म्हणणं.

रिक्सिया, मर्केंशिया ज्यात येतात ते लिव्हरवर्ट म्हणजे ओल, सावली, धबधब्याची कड, हे आमचं पाठांतर. बाई वाटेकडेच्या काळ्या कातळापाशी थांबल्या. भेगेतल्या चिमूटभर मातीवर जळक्या सुतळीचे तुकडे पडल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी पिण्याच्या बाटलीतलं झाकणभर पाणी त्यावर ओतलं आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं, जे आम्हाला फार अवघड होतं. काही मिनिटांत त्या काळ्या सुतळ्या उलगडल्या आणि आतून हिरव्या पट्ट्या वर आल्या. तीन-चार मिलिमीटर रुंद, बोटाच्या पेराहून आखूड. भिंगातून पाहिलं तर पाठीवर पांढरे ठिपके. ती हवेची छिद्रं. कोरड पडली की कडा वर वळून मिटतात आणि पोटाकडचे काळपट जांभळे खवले बाहेर येतात, म्हणून वनस्पती जळल्यासारखी दिसते. मेलेली नसते.

आम्ही लगेच नावं फेकायला लागलो. पुस्तकातली तीनच, त्यामुळे फार वेळ लागला नाही. बाई म्हणाल्या, "अरे, आधी उलटून बघ, मग बोल."

सुतळीसारखं मिटणं आणि जांभळे खवले एवढ्यावर नाव ठरत नाही, कारण आपल्या सह्याद्रीत कातळावर वाढणाऱ्या प्लॅजिओकॅझ्मातही हे दोन्ही असतं. ठरतं ते बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, कुठे आहे त्यावर. प्लॅजिओकॅझ्माच्या पट्टीच्या पाठीवर, मधल्या रेषेवरच, बीजाणुधान्या धरणारी बुटकी छत्री उगवते. रेबुलियात छत्री टोकाला, चांगल्या लांब दांड्यावर. रिक्सियात बीजाणुधानी पट्टीच्या आतच रुतलेली. आमच्या हातातल्या पट्टीला ना छत्री ना दांडा. पण उलटी केल्यावर टोकाखाली काळी चकचकीत, दोन झापांची इवली शिंपली चिकटलेली दिसली; बीजाणुधानी तिच्या आत. टार्जिओनिया हायपोफिला. लिनियसने १७५३ साली नोंदवलेली ही जात भूमध्य समुद्राकाठी आणि कॅलिफोर्नियातही सापडते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्याकडे पावसाळ्यात. पण वर्षातले कित्येक महिने कोरडे काढायचे, हे सगळीकडे सारखंच.

शिंपली नसेल तर? मग बाई नाव सांगत नसत आणि आम्हालाही सांगू देत नसत. नमुन्याच्या कागदी पुडीवर 'नाव नंतर' लिहायचं. वर्गातल्या हुशार मुलांना याचा फार राग यायचा.

पुड्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या. या वनस्पती जाड पुस्तकात दाबायची गरज नाही. माती झटकायची, सावलीत वाळवायची, घडी घालायची. वर जागा, तारीख, खडक की माती, उतार कोणत्या दिशेला. पुढे बी.एस्सी.ला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मी त्यातलीच एक पट्टी भिजवली, तर टोकाखालची शिंपली जागच्या जागी होती आणि आतले काळपट बीजाणूही.

त्या वर्षीच्या पुड्या माझ्याकडे बुटाच्या खोक्यात आहेत. 'नाव नंतर' लिहिलेल्या काहींवर अजूनही नाव नाही. शाळेच्या प्रयोगशाळेला हव्या असतील तर आणून देते. फक्त कपाट कोरडं असावं, आणि एखादं चांगलं भिंग मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावं, कुलपात नको.