जिवावरचं पायावर निभावलं?

माझा धाकटा दीर पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. हंगामात पंचवटीला घरी यायला त्याला रात्रच होते. गेल्या फेब्रुवारीत ओझरच्या अलीकडे हायवेवर खडीवरून गाडी घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. जमलेली माणसं त्याला उचलून रिक्षात कोंबायला निघाली होती. एका ट्रकवाल्याने सगळ्यांना ओरडून थांबवलं, पाय फळीला बांधायला लावला आणि १०८ला फोन केला. त्या माणसाचं नावही आम्हाला माहीत नाही.

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. छातीला तर खरचटलंसुद्धा नव्हतं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "जिवावरचं पायावर निभावलं." एका मावशींनी हाडवैद्याचा पत्ता लिहून दिला, तो सासूबाईंनी मुकाट्याने पर्समध्ये टाकला. मांडीत रॉड टाकायचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं.

रात्री त्याच्याजवळ मी थांबले. पहाटे तो म्हणाला, "वहिनी, क्रेट मोजून घ्या, कंटेनर लागलाय." मला वाटलं, झोपेत बडबडतोय. पण डोळे टक्क उघडे. मग म्हणाला, "एसी बंद करू नका हं, माल खराब होईल." त्या वॉर्डात एसी नव्हताच. शेजारच्या बेडवरचे काका म्हणाले, दुखण्याच्या इंजेक्शनचा अंमल असतो तो. असेलही, पण श्वास अगदी तोकडा आणि भरभर चालला होता, म्हणून मी सिस्टरांना उठून बोलावलं.

त्यांनी रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावला. ८४ टक्के. बोट पुसून दुसऱ्या बोटाला लावला, तरी तेच. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च काखेत मारला. तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. गळ्याखालीही होते. खालची पापणी ओढून पाहिली तर आतसुद्धा. मी म्हटलं, घामोळं असेल. फेब्रुवारीच्या नाशकात कसलं आलंय घामोळं! सिस्टर काही बोलल्या नाहीत, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना फोन करायला पळाल्या.

याला फॅट एम्बॉलिझम म्हणतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत चरबी असते. हाड मोडलं की तिचे थेंब फाटलेल्या शिरांतून रक्तात शिरतात, आणि शरीरभरचं रक्त हृदयातून आधी फुप्फुसांतच जातं. तिथल्या बारीक केशवाहिन्यांत थेंब अडकतात, शिवाय त्या चरबीतून सुटणाऱ्या आम्लांनी फुप्फुसाला सूज येते. म्हणून त्रास लगेच दिसत नाही, बहुतेकदा २४ ते ७२ तासांत दिसतो, म्हणजे नेमका नातेवाईक निर्धास्त होतात तेव्हा. काही थेंब पुढे मेंदूपर्यंत आणि त्वचेपर्यंत जातात. क्रेट आणि ठिपके तिथून आले. तरण्याताठ्या माणसांत, लांब हाडं मोडल्यावर हे जास्त होतं. जर्मन डॉक्टर झेंकर यांनी १८६२ मध्येच मृताच्या फुप्फुसात ही चरबी पाहिली होती, एक्स-रेचा शोध लागायच्या कितीतरी आधी.

ती चरबी विरघळवणारं औषध नाही, हे ऐकल्यावर माझे मिस्टर खुर्चीत बसलेच. डॉक्टर म्हणाले, आपण श्वास सांभाळायचा, बाकी शरीर आपलं आपण निस्तरतं. आयसीयूत त्याला मास्कच्या मशीनवर ठेवलं, घशात नळी घालायची वेळ आली नाही. रॉडचं ऑपरेशन पुढे ढकललं. तोवर हाड हलू नये म्हणून बाहेरून सळ्यांची चौकट बसवली, कारण मोडलेलं हाड जितकं हलेल तितकी चरबी सुटायची भीती.

पुढे पोटावर इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा सासूबाईंना वाटलं, हीच ती चरबीची. ती वेगळी. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याही फुप्फुसात जाऊ शकतात, बहुधा काही दिवसांनी, कधी तर घरी गेल्यावर. म्हणून घरी सोडताना आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या: पोटरी सुजली किंवा एकाएकी दम लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, आणि पाय चेपायचा तर अजिबात नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पाय चेपायचाच असतो.

आता तो पॅकहाऊसला जातो, जिने जरा सावकाश चढतो. त्या पहाटेचं त्याला काही आठवत नाही, त्यामुळे कंटेनरवरून आम्ही त्याला यथेच्छ चिडवतो. रॉड काढायचा की नाही यावर सध्या घरात दोन तट आहेत. डॉक्टर म्हणतात, त्रास नसेल तर राहू दे. सासूबाईंना तो काढूनच हवाय, आणि काढल्यावर धुऊन घरी द्यायचा, हेही त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.