आमची वाटचाल : घाणा, डबा आणि लाल रंग

ग्वाल्हेरला लश्कर भागात आमचा तीळ तेलाचा घाणा आजोबांनी घातला. बाभळीची लाट (उखळात फिरून तीळ चिरडणारा लाकडी दांडा), एक बैल, त्याच्या डोळ्यांना झापडं. बाबांनी पुढे मोटर बसवली, पण लाट लाकडाचीच ठेवली. एक्सपेलर, म्हणजे लोखंडी स्क्रूने दाबून तेल काढणारं यंत्र, तेल जास्त काढतो, मान्य; पण त्यात तीळ तापतो आणि वास जातो, यावर मी कोणाशीही भांडेन. घाण्यात पाण्याचा हबका कधी मारायचा हे अजून माझा हातच ठरवतो. चुकला की तेल पेंडीत अडकलंच.

तीळ घरचा, भिंडकडच्या शेतातला. (विचारलं नाहीत तरी सांगतो : खालची बोंडं पिवळी पडली की कापा. सगळं शेत वाळायची वाट पाहिलीत तर बोंडं उकलतील आणि तीळ मातीत. पेंढ्या उभ्या रचा, झाडताना खाली ताडपत्री हवीच.)

1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल सापडलं, माणसं दगावली, सुट्या तेलावर बंदी आली. पाप मोहरीच्या तेलाचं, भोवलं तिळाला. आमचं सगळं गिऱ्हाईक बरणी घेऊन येणारं. डबे, सील, लेबल, तपासणी, पैसा कुठून आणायचा? आईच्या पाटल्या मोडल्या. चार महिने घाणा बंद.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एकाने (नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला) छापील डबे आणले. गल्ल्यावर काचेची नळी ठेवायचा. तेलात हायड्रोक्लोरिक आम्ल, चिमूटभर साखर, हलवलं की लाल. "बघा, अस्सल तीळ!" अहो, हीच ती तीळ तेल ओळखायची बॉडोइन चाचणी! वनस्पती तुपात 5 टक्के तीळ तेल घालायची सक्ती सरकारने केली ती याच रंगासाठी, साजूक तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून. म्हणजे 5 टक्क्यांनाही लाल येतं. उरलेल्या 95 चं नळी काय सांगणार? मी हे समजावायला गेलो तर लोक म्हणाले, "जळतोस." जळत होतोच.

टिकले ते एक वैद्यकाका. औषधी तेलं सिद्ध करायला महिन्याला दोन डबे. आम्ही कसेबसे पुन्हा उभे राहिलो तेव्हा पहिला डबा त्यांनीच नेला. समोर बसून सील करून घेतला, पावती घेतली आणि घरी जाऊन नेहमीच्या पितळी बरणीत ओतला! एका साली पेंढ्यांवर पाऊस पडला होता. तो तीळ आम्ही वाळवून, निवडून घाण्यात घातला. काका डबा परत घेऊन आले. "तीळ भिजलेला होता ना रे?" बाबा पैसे द्यायला लागले, ते घेईनात. म्हणाले, "पुढचा डबा नीट दे." ते सगळं तेल बाबांनी दिव्याचं म्हणून विकलं.

पुढची वीस वर्षं धंदा चालला, बस.

त्या नळीवाल्या गृहस्थांच्या दुकानात आता मोबाइल मिळतात. गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा अभ्यंगासाठी तीळ तेल मागायला आमच्याकडे आला. दिलं. पूर्ण भावाने.