आरव्हीत उंदीर शिरू नयेत म्हणून

सध्या मी ठाण्यात, पाचपाखाडीला आईकडे आले आहे आणि आमची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, अमेरिकेत कोलोरॅडोत, गावाबाहेरच्या एका मोकळ्या यार्डात बर्फात उभी आहे. भेटायला येणारे विचारतात, इतके महिने गाडी पडून राहिली तर थंडीनं बिघडत नाही का? थंडीचा बंदोबस्त सोपा आहे. नळ्यांमधलं पाणी काढायचं, न गोठणारं गुलाबी द्रव भरायचं, बॅटरी काढून घरी आणायची. एका दुपारचं काम. खरी काळजी उंदरांची. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं, कारण अमेरिकेत उंदीर असतील असं इथे कुणाच्या मनातच येत नाही.

आमची आरव्ही ट्रेलर आहे, पिकअपच्या मागे जोडून ओढायची. आत ओटा, गॅस, फ्रीज, न्हाणीघर, पलंग सगळं. आता घर म्हटलं की पाण्याची नळी, सांडपाण्याचा पाइप, गॅसची लाइन, विजेची केबल आलीच. यातलं बरंचसं गाडीच्या तळातून आत येतं, आणि त्यासाठी प्लायवूडला पाडलेली भोकं पाइपपेक्षा मोठी असतात. उरलेली फट नीट बुजवलेली असेलच असं नाही. तळाला बाहेरून काळ्या प्लॅस्टिकचा पत्रा असतो, त्याच्या वर थंडी अडवणारा मऊ थर. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडायच्या सुमाराला शेतातले उंदीर ऊब शोधत निघतात आणि टायरवरून, टेकूच्या जॅकवरून, लोंबणाऱ्या केबलवरून चढून नेमके तिथे पोचतात. तो मऊ थर उपसून घरटं करतात. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं थांबत नाही. वायरवरचं वेष्टण गेलं की शॉर्टसर्किट आणि आगीची भीती.

म्हणून माझा सगळा भर भोकं शोधण्यावर असतो. उंदराला आत यायला 6 मिलिमीटरची फट पुरते. शिसपेन्सिल जिथे जाते तिथे उंदीर जातो असं धरून चालायचं. शोधायची रीत अशी. अंधार पडल्यावर सिंकखाली, कपाटांच्या तळाशी, पलंगाखालच्या खणात झगझगीत दिवे लावून ठेवायचे आणि एकानं बाहेर सतरंजी टाकून गाडीखाली आडवं व्हायचं. जिथून उजेड झिरपतो तिथे खडूची खूण. मग उलट करायचं. आतले दिवे बंद, बाहेरचा माणूस खालून टॉर्च फिरवणार आणि आतला कपाटात डोकं घालून बघणार. काळा पत्रा आड येतो म्हणून दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. हे काम घाईनं करू नये. सांडपाण्याच्या पाइपाभोवती, गरम पाण्याच्या टाकीमागे, फ्यूजच्या पेटीमागे, चाकांवरच्या कमानीत आणि भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते त्या भागाच्या रबरी पट्टीच्या कोपऱ्यांत फटी हमखास सापडतात.

बुजवायला काय वापरता यालाही महत्त्व आहे. स्प्रे केला की फुगणारा फोम दिसायला छान, पण नुसता फोम उंदीर आरामात कुरतडतो. स्टीलवूल कुरतडत नाही, मात्र ओलाव्यानं गंजतं. मला तांब्याची जाळी सगळ्यांत भरवशाची वाटते. ती फटीत घट्ट कोंबायची आणि वरून सीलंट भरायचं. मोठ्या भोकावर बारीक विणीची लोखंडी जाळी स्क्रूनं बसवायची. उघड्या वायरीपाशी मात्र धातूचं काही कोंबू नये.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हीटरचा धूर बाहेर जायची वाट आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रीजमागची हवेची झडप कधीही बुजवू नका. ती बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड आत साठून झोपेत जीव जाऊ शकतो. तिथे त्यासाठीच मिळणारी, हवा खेळती ठेवणारी जाळी बसवायची, तीही हीटर-फ्रीजच्या उत्पादकाला चालत असेल तरच.

आतलं खाणं सगळं काढायचं. पोहे, डाळ, भाजणी तर खरंच, पण साबण, मेणबत्त्या, टूथपेस्टही. उंदीर तेही खातात. गाद्या, उशा, टिश्यूपेपर घरी, कारण घरटं करायला त्यांना हेच हवं असतं. प्रवासात आम्ही डाळ-तांदूळ आईकडून नेलेल्या स्टीलच्या डब्यांतच ठेवतो. तिथल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा ते कितीतरी खात्रीचे.

पुदिन्याचं तेल, सुगंधी कागद, डांबराच्या गोळ्या यांवर लोक फार विश्वास टाकतात. वास उडून जातो आणि उंदीर राहतात, असंच मी पाहत आले आहे. डांबराच्या गोळ्यांची वाफ तर बंद जागेत माणसालाच बाधते. कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारी यंत्रंही मिळतात. त्यांच्या दाव्यांना पुरावा द्या, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं 2001 साली साठांहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना बजावलं होतं. विष मी वापरत नाही. उंदीर भिंतीच्या आत मरतो आणि कुजतो, आणि विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर घुबडही जातं. त्यापेक्षा साधा स्प्रिंगचा सापळा बरा. शेंगदाण्याचं लोणी अगदी थोडं लावायचं आणि आमिषाचं टोक भिंतीला टेकवून सापळा आडवा ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो. तिथली एक मैत्रीण महिन्यातून एकदा जाऊन सापळे बघून येते. तिच्यामुळेच मी इथे निवांत राहू शकते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कोलोरॅडोच्या शेतात जो उंदीर असतो त्याला डिअर माउस म्हणतात. वरून तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोळे मोठे, दिसायला गोजिरवाणा. त्याच्या लघवीत आणि लेंड्यांत हंटाव्हायरस असू शकतो. 1993 साली कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा जिथे मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून दगावू लागली तेव्हा हा आजार ध्यानात आला. 2012 मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दहा जणांना झाला, तिघे गेले. त्यातले बहुतेक तिथल्या तंबूंमध्ये राहिलेले पर्यटक होते. सुरुवातीला फक्त ताप आणि अंगदुखी, तीही लागण झाल्यावर कधीकधी कित्येक आठवड्यांनी. फुप्फुसांवर आलं की साधारण तिघांतला एक वाचत नाही. लस नाही, नेमकं औषध नाही.

हा विषाणू धुळीतून श्वासात जातो. म्हणून वसंतात आरव्ही उघडली आणि लेंड्या दिसल्या की झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर हातात घ्यायचा नाही. आपल्या मराठी हाताला हे फार जड जातं, घाण दिसली की झाडू आपोआप उचलला जातो. पण आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. हातमोजे घालायचे. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण फवारून लेंड्या आणि घरटं पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदानं टिपून पिशवीत बांधून टाकायचं. माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातातून झाडू मी अक्षरशः ओढून घेतला होता.

इथे खालच्या मजल्यावरचे काका परवा भेटले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या, म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवली आहेत. "अगं, तुमच्याकडे काय ठेवतात?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, ठेवत काही नाही, बुजवतो." पण आरव्हीसारखं गाडीचं इंजिन बुजवता येत नाही, ते खालून उघडंच. तिथे खालून जाळी बसवणं, गाडी दोन-तीन दिवसांनी तरी चालवणं आणि मुख्य म्हणजे आसपासचं खाणं हटवणं एवढंच हाती आहे. आमच्या पार्किंगच्या भिंतीला लागून कचऱ्याचे डबे आहेत आणि त्याच कोपऱ्यात रोज कबुतरांना दाणे टाकले जातात. ते दोन्ही हलवा, गटाराची तुटकी जाळी बदला, असं मी सेक्रेटरींना लिहून दिलं आहे.

हंटाव्हायरसची ही तिथली तऱ्हा इथे नाही. इथली भीती लेप्टोस्पायरोसिसची, आणि ती धुळीतून नाही, उंदरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून येते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची साथ आलीच होती. पार्किंगमध्ये पाणी तुंबलं आणि पायाला जखम असेल तर गाडी काढायला त्यात उतरू नका. उतरावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. गरज वाटली तर ते प्रतिबंधक गोळी देतात.