ऑरगॅनिकमधला तो डी

गेल्या आठवड्यात लेकीनं इथल्या काउंटी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडचा अधिकृत कागद, मागवलं, पैसे माझ्या कार्डावरून. एकाच विषयाचं. सोळा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टॅटिस्टिक्सचा एक कोर्स केला होता, सी मिळालेला. आता मेडिकलला ॲडमिशन झालंय तरी तो सी कागदोपत्री पाहिजेच म्हणे. माझं डोकंच सटकलं.

आपल्याकडची नीट परीक्षा तुम्हाला माहितीये. माझ्या भाच्यानं लातूरला दोनदा रिपीट केलं, तिसऱ्यांदा गव्हर्नमेंटला नंबर लागला. बारावीला पीसीबीत 50 टक्के असले की झालं, मग 720 पैकी किती तेवढंच बघतात आणि आधीच्या दोन वर्षांचं कुणी नावही काढत नाही. पोरं पिचतात त्यात, हे खरंच. पण दरवर्षी पाटी कोरी!

इकडं अमेरिकेत तसं नाही. मेडिकलचा कॉमन फॉर्म असतो, ॲमकास, त्यात कॉलेजचा एकेक विषय आणि त्याची ग्रेड स्वतः टाईप करायची. ती डायनिंग टेबलवर बसून भरत होती, मी शेजारी मेथी निवडत होते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीपाशी तिचा हात थांबला. डी होता, तसाच एक फिजिक्सला. दोन्ही विषय तिनं परत घेऊन बी प्लस आणले होते. मी म्हटलं, "अगं मग जुने कशाला लिहितेस?" तर म्हणाली, "आई, दोन्ही टाकावे लागतात, दोन्ही मोजतात." तिच्या कॉलेजनं जुनी ग्रेड काढून जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी, 3.21 दिला होता, ॲमकासनं मोजला तर 3.07. सायन्सचा वेगळा काढतात, तो तर मी इथं लिहीतच नाही. आणि इथं एमडीला, म्हणजे आपल्या एमबीबीएससारख्या डिग्रीला, लागणाऱ्या पोरांची सरासरी 3.7च्या पुढं! डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांची दुसरी मेडिकल कॉलेजं, पूर्वी फक्त नवीन ग्रेड धरायची, तेही 2017पासून बंद केलं. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी घसरलात की ते जन्माला चिकटलं.

त्या वर्षी ह्यांची नोकरी गेलेली, माझं ऑपरेशन झालेलं, आणि ही शनिवार-रविवार दुकानात काम करत होती. मी काही तिला जा म्हटलं नव्हतं. नको पण म्हटलं नव्हतं.

पहिल्या वर्षी वीस कॉलेजांना अर्ज केले, एकाचाही इंटरव्ह्यू आला नाही. मग पोस्टबॅक, म्हणजे डिग्री झाल्यावर परत सायन्सचेच वरचे विषय, दोन वर्षं, आणि रात्री इमर्जन्सीत डॉक्टर बोलतील ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची नोकरी. 3.8 आणला तरी एकूण आकडा 3.27वर येऊन थांबला, कारण खाली जुन्याचं ओझं. एमकॅटला, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, मात्र 528 पैकी 514. (हे सगळ्यांना सांगते मी, सांगणारच.)

एक गोष्ट मात्र कबूल करते. इंटरव्ह्यूला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, सेकंड इयरला काय झालं होतं? आणि ऐकून घेतलं. पंधरा मिनिटं. ती घरचं सगळं बोलली, दुकानाचंसुद्धा. शेवटी ते म्हणाले, आता परत तसं झालं तर कुणाला सांगशील? हा प्रश्न आम्ही घरात तिला कधी विचारला नव्हता. भाच्यालाही कुणी विचारला नसावा, तिथं विचारायला माणूसच नसतो ना, ओएमआर शीट असते.

तर डीओला लागली. वहिनी म्हणाली, "म्हणजे हाडवैद्य का हो ताई?" एनआरआय कोट्यातून तिकडं एमबीबीएसच झालं असतं की, असंही म्हणाली. मी म्हटलं, अगं डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर, ऑपरेशन करतात, औषधं लिहितात, रेसिडेन्सी, म्हणजे पुढचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, एमडीवाल्यांच्या बरोबरीनं, आणि वर हातानं हाडंस्नायू तपासायचं जास्तीचं शिकतात ते वेगळंच. ट्रम्प आणि बायडन दोघांच्याही व्हाइट हाऊसमधले डॉक्टर डीओ होते. जरा जास्तच बोलले बहुतेक, ती "बरं बरं" म्हणाली आणि पेढे कुठले वाटले ते विचारलं.

ऑगस्टमध्ये क्लास सुरू होतायत. भाच्यानं त्याच्या बायोकेमिस्ट्रीच्या नोट्सचे फोटो पाठवलेत तिला, चाळीस पानं, वाकड्या अक्षरातली. काल रात्री ती झूम करून वाचत बसली होती.